पोपटाची चोच

— न्हाई ओ ताई, कुनालाच खरं वाटलं न्हाई. एकालाबी न्हाई. तोंड फाटूस्तवर सांगितलं की चोच मी घालवली न्हाई, मी वेशीवरच्या ह्या दगडी पोपटाला हात लावला तो फडक्यानं, तेबी दसऱ्याला न्हाईतर दिवाळीला — पन बाई वरडली की लोकांना वाटतंय बाईच चोर. गप बसली तर म्हनत्यात, बघा, गप बसली, म्हंजे चोरच. मग मी म्हनलं, वरडूनच चोर व्हावं, निदान घसा तरी मोकळा हुतो. तुमी काढा, काढा, माज्याकडं बघू नका, रेघ चुकंल. चुकली तर खोडा, रबर हाय की तुमच्याकडं. आमाला जामखेडच्या शाळेत रबर नव्हतं, थुंकी लावून बोटानं खोडायचो, कागदाला भोक पडायचं आन् मास्तरचा हात पाठीत. चौथीपत्तुर शिकले मी. पाचवीला गेले असते तर आज तुमच्यावानी टोपी पाठीला अडकवून बसले असते — ती डोक्यावर घाला की! पाठीला ऊन लागतंय व्हय? घाला. हां.

नाव? कडूबाई. हसा, हसा. माज्या आधीची दोन पोरं गेली म्हनून आईनं कडू नाव ठिवलं, यमानं चाटून बघितलं तरी थुकून द्यावं म्हनून. यमाला कडू लागले, मग बाकीच्यांना गोड कुटनं लागनार? तवा माज्याकडनं साखरेची अपेक्षा ठिवू नका. ह्या वेशीची झाडलोट माज्याकडं हाय. ठेकेदाराच्या हाताखाली, रोजावर. सकाळी खराटा, दुपारी पिचकाऱ्या धुवायच्या, संध्याकाळी कुत्री हाकलायची. अख्खं नगर हितं यिऊन थुकतंय, आन् थुकतंय तेबी कमळावर! एवढी मोठी साधी भिंत पडलीय शेजारी — न्हाई, नेम धरून कमळावर. माणसाला नक्षी दिसली की तोंडाला पानी सुटतंय का काय कोन जाने.

तुमचं काम मला आवडलं, खरं सांगते. कालेजनं पाठवलं ना तुमाला पुन्याहून, नगरच्या जुन्या दगडांची नक्षी कागदावर उतरवून घ्यायला? चांगलं हाय. लोकं माणसाचा फोटो मेल्यावर मोठा करून भिंतीला टांगत्यात, तुमी दगडाचा जित्तेपनी काढताय. काढा. दोन्ही पोपट काढा, मधलं कमळ काढा, आन् ती येल हाय ना, दोघांनी दोन बाजूनं चोचीत धरलेली — म्हंजे धरलेली हुती. उजव्याच्या चोचीत अजून हाय. डाव्याला चोचच न्हाई, येल हवेत यिऊन संपती. बोळकं तोंड. जेवायला बसलेल्या म्हातारीच्या म्होरनं कुनी ताट ओढून न्यावं तसा बघतोय बिचारा. मला तर सकाळी खराटा हातात घेतला की आधी त्याचीच कीव येती. मग म्हनते, गप रे, तुजी चोच गेली, माजी रोजी जातीय.

तेच तर सांगते. गेल्या आठवड्यात ह्या वेशीची पाहनी झाली. मोठमोठे साहेब, दोन गाड्या, आन् म्होरं बजरंगशेठ. वळखत न्हाई? दोन दिस थांबा, तोच वळख करून दील. ह्या पेठेच्या वारसा समितीचा अध्यक्ष. समितीत बाकी कोन हाय ते समितीलाबी म्हाईत न्हाई. पांढरी कापडं, आन् गळ्यात सोताचा माईक — गाडीत पेट्रोल नसंल पन माईकला चार्जिंग असतंय. साहेबांनी इचारलं, ह्या पोपटाची चोच कशानं गेली? आन् ह्यानं, ताई, माईक तोंडाला लावून, अख्ख्या पेठेम्होरं, माज्याकडं बोट केलं — ह्या बाईनं तारेच्या ब्रशानं घासून घासून घालवली! मी हिथंच उभी, हातात खराटा. साहेबांनी माज्याकडं बघितलं, खराट्याकडं बघितलं. खराटा काय साक्ष देनार? आन् वर आनखी एक वाक्य बोलला तो. ते जाऊ द्या. ते न्हाई सांगायचं मला.

तर ठेकेदार म्हनला, कडूबाई, सोमवारपासून येऊ नको. पुन्याची ताई नक्षी उतरवायला येनार हाय, प्रत्येक चित्राखाली ती लिहिनार — दगड कुटं फुटला, कशानं फुटला. तिनं काय लिहिलं ते बघू, मग तुजं ठरवू. म्हंजे बघा, माजी भाकर तुमच्या पेन्सिलीच्या टोकावर. दाबून धरू नका एवढी, मोडंल. आन् नुस्ती भाकरच न्हाई — ते कागद ठिवनार ना तुमी? पन्नास वर्सांनी कुनी उघडनार, वाचनार — चोच कुनी घालवली? कडूबाईनं. मेल्यावरबी यम म्हनंल, ये ग, चोचखाऊ.

हाय की ब्रश. मी कुटं न्हाई म्हनते? तो काय त्या बादलीत. खालच्या पायऱ्यांचे डाग काढायला, गुटखा साध्या फडक्याला दाद देत न्हाई. पायरीवर जिथं ब्रश मारलाय तिथं बघा — बघा, वाका जरा — ओरखडे हायेत, मांजरानं वरबाडल्यावानी. आता चोचीच्या जागी बोट लावा. लावा हो, चावायला चोच कुटंय त्याला. हां! कसं लागतंय? लोण्यावानी. वाटी झालीय तिथं, बारकी, बोटाच्या पेराएवढी. तुमी कालच वळखलं हुतं ना ते? मी बघत हुते, तुमी डाव्या पोपटाच्या तोंडाशी ठिपके ठिपके काढले आन् मग पेन्सिल चावत बसला लई येळ. तवाच म्हनलं, ह्या पोरीला सांगायला हरकत न्हाई. बजरंगशेठ आता काय म्हनतो म्हाईत हाय का? ब्रश न्हाई तर मग पाऊस. म्हनलं, पाऊस काय नळीनं पडतोय व्हय, नेमका चोचीवर? वरच्या पंखाचं पीस न् पीस मोजून घ्या, छिन्नी काल मारल्यावानी हाय.

आता ऐका. तुमच्याकडं पुन्यात पोर येळेत बोललं न्हाई तर काय करत्यात? डाक्टर. बरोबर. आमच्यात आधी वेखंड. सहानीवर वेखंड उगाळायचं, मधात कालवायचं, पोराच्या जिभेला लावायचं. हे सगळीकडं हाय, त्यात नवल न्हाई. पन ह्या पेठेत सहानीवर न्हाई उगाळायचं — पोपटाच्या चोचीवर! का? तर पोपट बोलतो. आता हा दगडाचा पोपट कुनाशी बोलला? पन इचारनार कोन? आन् नुस्तं वेखंड उगाळून भागत न्हाई. आधी चोचीवर पान्याचा हात फिरवायचा, मग गारगोटीनं घासायचं, दगडाची भुकटी निघाली पायजे, ती वेखंडात मिसळली तरच गुन. झालं! पिढ्या न् पिढ्या घासतायत. एकेक पोर बोलतं झालं आन् पोपट एकेक अक्षर विसरत गेला.

— उजव्याची का न्हाई घासली? लई हुशार हो तुमी! माज्या मनात हुतंच की हे इचारनार. हिकडं वटा हाय, बाईनं पोर कडेवर घिऊन चढलं की तोंडाम्होरं पोपट. तिकडं वटाच न्हाई, गटार हाय, आन् आता तर लाईटीची डीपी बसवलीय, वर कवटीची पाटी. उजव्या पोपटाला देवानं न्हाई, त्या कवटीनं वाचवलं.

मी लग्न होऊन जामखेडहून हितं आले तवा निम्मी चोच हुती अजून. हा एवढा आकडा, वाकडा, नथीच्या फाशावानी. माजी सासू — रतनबाई — तिनं पैल्याच आठवड्यात मला हितं आनून पोपट दाखवला, जसं दुसऱ्या सासवा कुलदेवी दाखवत्यात. म्हनली, हा बघ, हा आपल्या पेठेचा डाक्टर. आन् मग ती सुमनबाईची गोष्ट सांगायची. सुमनबाई आमच्या मागच्या आळीची. तिचं पोर पाच वर्सांचं झालं तरी हूं का चूं न्हाई. नवस झाले, अंगारे झाले. शेवटी सुमनबाई येऊन वट्यावर बसली, आन् अख्खा श्रावन ती चोच घासली तिनं. पोराला चाटवली. आन् एक दिवस पोर बोललं! काय बोललं म्हाईत हाय का? "आनखी." मध गोड लागला ना मेल्याला! आनखी! तवापासनं जे तोंड उघडलंय ते मिटलंच न्हाई.

वळखलं ना? हसताय म्हंजे वळखलं. हां, तोच. माईकवाला.

आन् हे मी मनानं सांगत न्हाई, त्यानंच सांगितलंय. वेशीला रंगीत लाईटी लावल्या तवा ह्याचंच भाषन. लोकहो, मी मुका हुतो, ह्या पोपटानं मला वाचा दिली, मी ह्या दगडाचं रीन फेडनार! डोळ्याला रुमाल. बाया रडल्या. मीबी रडले असते, पन मला दुसऱ्या दिवशीचा कचरा दिसत हुता. आन् रीन कसं फेडलं? सोताच्या वाढदिवसाला वेखंडाच्या पुड्या वाटल्या! पुडीवर पोपट, पोपटाच्या शेजारी ह्याचा फोटो, दोघांचं तोंड सारखंच. मग काय इचारता! सोनईहून आले, देवळालीहून आले, टेम्पो करकरून आले. ज्यांची पोरं धडधडीत बोलत हुती तेबी आले, म्हने इंग्लिश मिडियमला घातलंय, इंग्लिश बोलत न्हाई! घास, घास, घास. पिढ्यांनी निम्मी खाल्ली ती सोडा, उरलेली निम्मी ह्या पुड्यांनी खाल्ली. रोज सकाळी खाली पुड्यांचा ढीग — मीच झाडायची ना, ह्याचं हसरं तोंड खराट्यानं.

मी आडवलं न्हाई असं वाटतंय तुमाला? बाभळीची फांदी तोडून आनली आन् पोपटाच्या गळ्यात बांधली. काटे टोचले की बाया माघारी जायच्या. मग गेल्या त्या शेठकडं — कडूबाई पोरांची वाचा आडवती! माज्यावर आख्खी पेठ चालून आली. एक बाई तर म्हनली, तुला दुसऱ्याचं पोर बोललेलं बघवत न्हाई, कारन तुजं —

जाऊ द्या.

पानी पिता का? बाटलीतलं हाय, माठातलं न्हाई, तुमा लोकांना माठाचं चालत न्हाई. चालतंय? मग आधी सांगायचं की, माठ गार हाय. घ्या.

...माजी रुपाली. एकच हाय मला. अडीच वर्सांची झाली, तीनाची झाली, तोंडातनं शब्द न्हाई. हसायची बघा, खळखळून हसायची, पन शब्द न्हाई. सासूनं उठता बसता लावलं — जा, पोपटाकडं ने, जा, पोपटाकडं ने. मला पटत नव्हतं, पन म्हनलं चला, एवढी दुनिया घासती, आपन काय शहाने? तिला कडेवर घेतलं, वेखंड घेतलं, मुठीत गारगोटी घेतली आन् हितं, तुमी बसलाय ना, बरोबर हितं वट्यावर उभी राहिले. चोच निम्मी हुती अजून. हात उचलला. आन् तेवढ्यात मागनं लग्नाची वरात आली, वेशीखालनं. तुमाला म्हाईत हाय ना, कमानीखाली आवाज कसा घुमतो? तिथंच त्यांनी फटाक्याची माळ लावली. हजाराची. अशी फुटली की मी दचकून गारगोटी टाकली. शेजारच्या बाईचं पोर किंचाळलं, कबुतरं उडाली, कुत्री पळाली, वरातीचं घोडं मागच्या पायावर. आन् माजी रुपाली — ती माज्या पदराचा काठ चघळत हुती. चघळतच राहिली. मान सुद्धा वळवली न्हाई. कबुतरं उडाली तवा वर बघून हसली तेवढी.

तिथंच कळलं मला. जिभेला काय झालं नव्हतं तिच्या. कानाला आवाजच जात नव्हता. जे कदी ऐकलंच न्हाई ते पोर बोलनार कसं? वेखंड त्या गटारात फेकलं आन् तशीच सरकारी दवाखान्यात गेले. डाक्टरनं मशीन लावून तेच सांगितलं. घरी आले, सासूला सांगितलं. खरं वाटलं तिला? छे! म्हनली, तू घासली न्हाईस, म्हनून पोर मुकं राहिलं. नवऱ्यालाबी तेच वाटलं. मरूस्तवर म्हनत हुती म्हातारी, पानी पाजायला गेले तरी — चार घासे मारले असतेस तर आज मला आजी म्हनली असती ग पोर. चार घासे. मी शेन खाल्लं असतं ताई तिच्या तोंडच्या एका शब्दासाठी, पन दगड घासून कान उघडत न्हाई त्याला मी काय करू?

आता तुमीच न्याव करा. तवा म्हनले, तू घासली न्हाईस. आता म्हनत्यात, तूच घासलीस. अख्ख्या पेठेत चोचीला गारगोटी न लावलेली आई मी एकटी, आन् चोच घालवली म्हनून नाव माजंच!

न्हाई न्हाई, डोळ्यात कचरा गेला. दिवसभर झाडते, जायचाच. रुपालीचं काय वाईट न्हाई हो! शाळेत घातली, तिच्यावानी पोरांची असती ती. शिकली. शिवन शिकली, ब्लाऊज असा शिवती की बजरंगशेठची बायकू सुद्धा गुपचूप तिच्याकडंच टाकायची. आता देवळाली प्रवराला दिलीय, जावईबी तसलाच हाय, दोघं बोटांनी बोलत्यात, आन् भांडत्यात सुद्धा! भांडन झालं की ती दिवा मालवती, म्हंजे त्याला बोलताच येत न्हाई. मला रोज मोबाईलवर फोन करती, चेहरा दिसतो ना त्यात. परवा मी तिला ही पाहनीची गोष्ट सांगितली, बोटांनी. तिनं काय केलं म्हाईत हाय का? दोन बोटांची चोच केली आन् सोताच्या तोंडात घालून कचकच चावली, मग पोटावरनं हात फिरवला, आन् मग हवेत माईक धरला. बास. सगळं सांगून मोकळी. मला एवढं बोलावं लागलं तुमाला, तिचं तीन इशाऱ्यात झालं.

तर तुमी एवढंच लिहा, वेखंड आन् गारगोटीनं झिजली. रूढीनं झिजली. कुनाचं नाव लिहू नका. बायांचं तर मुळीच नको, त्या काय हौसेनं घासत हुत्या? रात रात झोप नसंल आली त्यांना. सुमनबाई बिचारी गेली. रतनबाईबी गेली. नुस्तं माजं नाव तेवढं येऊ देऊ नका, माजं दुसरं काय मागनं न्हाई. सोमवारी खराटा घिऊन येईन, तुमचा पोपट कागदावर, माजा भिंतीवर. मिटलं.

— थांबा. ती गाडी वळखली. आली बघा स्वारी. नाव काढलं आन् हजर, शंभर वर्सं आयुष्य, पोपटाचं खाल्लेलं. बसा तुमी, उठू नका, तो काय साहेब न्हाई. — या शेठ, या. — न्हाई, मी काय त्रास देत न्हाई त्यांना, पानी दिलं. — चहा? इचारा की त्यांनाच, तोंड हाय त्यांना. — मी? मी काय शिकवनार त्यांना, त्या पुन्याच्या हायेत, मी चौथी. — काय म्हनलात? न्हाई, पुन्यांदा म्हना. माईक तोंडाला लावून म्हना की, पाहनीला म्हनलात तसं! — ऐकलं का ताई? "मुकीच्या आईला तोंड लई." असलंच वाक्य त्या पाहनीला माईकवर बोलला हा — पोर मुकी राहिली म्हनून बाईनं पोपटावर राग काढला. साहेबांम्होरं. हेच मी तुमाला सांगत नव्हते मघाशी.

व्हय, हाय मला तोंड! दोघींच्या वाटनीचं हाय. तिच्या वाटचं मीच बोलनार, कमी पडलं तर तुमचा माईक मागून घेनार! जावा, बसा गाडीत, काच वर करा.

ताई, पेन्सिल ठिवू नका खाली. मघाशी म्हनलं ना, कुनाचं नाव लिहू नका — खोडा ते. रबर हाय तुमच्याकडं. लिहा, डाव्या पोपटाची चोच गेली ती पावसानं न्हाई, ब्रशानं न्हाई, ती एका माणसाच्या पोटात गेली, आन् उरली ती त्याच्या पुड्यांनी नेली. नीट, ठळक लिहा. सगळं नाव सांगते, एक अक्षर चुकवू नका — बजरंग रामहरी खरमाळे.